एका सुईची भावंडं

"हात घट्ट धर त्याचा. सुई बाहेर येईपर्यंत सोडायचा नाही. लाथा मारू दे, चावू दे, सोडायचा नाही!"

आईला मातीआड होऊन जमाना झाला, पण तिचा हा आवाज रतीबाच्या कानात तसाच राहून गेला होता. पीठ मळताना, कालव्यावरून घरी येताना, कधी कधी तर नमाजाला उभी असतानासुद्धा तो मध्येच उठायचा. आज शहरातल्या यकृताच्या इस्पितळात, धाकट्या भावाच्या खाटेपाशी जपमाळ घेऊन बसली असताना तो इतक्या जवळून आला, की तिने वळून मागे पाहिलं.

मागे कोण असणार? शेजारच्या खाटेवरचा हाजी बस्यूनी तेवढा होता. भिंतीला टेकून संत्रं सोलत बसला होता.

आई ते म्हणाली तेव्हा रतीबा अकरा-बारा वर्षांची असेल. भाऊ तिच्याहून लहान. त्याच्या आधी आईने दोन मुलगे पुरले होते. म्हणून हा झाला तेव्हा ती फाटकं वस्त्र नेसून शेजारपाजारच्या सात दारांत भाकरी मागून आली आणि मुलाचं नाव शहाता ठेवलं. शहाता म्हणजे भीक मागून आणलेला. भिकाऱ्याच्या पोराकडे मरण वळून बघत नाही, असा त्या गावचा समज. असा हा नवसासायासाचा मुलगा लघवीला लाल जाऊ लागला. कालव्याकाठच्या त्या गावात सगळेच मुलगे एका वयात लाल जायचे. म्हातारे हसून म्हणायचे, "पोरगा वयात आला!" पण त्या वर्षी सरकारी माणसं आली, शाळेमागे तंबू ठोकला आणि सांगितलं, की हा कालव्यातल्या पाण्यातला किडा आहे, शरीरात शिरून बसतो, आणि त्याच्यावर सुई आहे. दर आठवड्याला एक.

सुई टोचली की डोकं गरगरायचं, पोटात ढवळायचं. त्यामुळे पोरं मक्यात जाऊन लपायची. शहाता तर तंबूच्या खांबाला मिठी मारून बसायचा. म्हणून आईने रतीबाला कामाला लावलं. ती त्याचा हात धरायची, तंबूतला मदतनीस स्पिरिटच्या चुलीवर उकळत ठेवलेल्या पत्र्याच्या थाळीतून काचेची पिचकारी उचलायचा, आणि रांग फार लांब असली की न उकळताच पुढच्याला टोचायचा. माणूस वाईट नव्हता. पोरांना गोड गोळ्या द्यायचा, डोळे पुसायचा. उन्हं उतरायच्या आत एवढी मोठी रांग संपवायची होती त्याला, इतकंच.

आणि शहाता ओरडायचा, "हिला पण द्या! मला एकट्यालाच का?"

मदतनीस हसायचा. "ये गं, तू पण ये, भावाची समजूत निघू दे." आणि तीच सुई रतीबाच्या दंडात जायची. तिला काही आजार होता की नव्हता, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

लाल जायचं थांबलं. आईने दूधभात करून आळीत वाटला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, त्या रांगेतल्या पुरुषांची पोटं फुगायला लागली, डोळे पिवळे पडू लागले. मग टेलिव्हिजनवरचे डॉक्टर सांगू लागले, की सुईने किडा मेला, पण सुईच्या टोकाला बसून दुसरंच काहीतरी एका दंडातून दुसऱ्या दंडात गेलं आणि सगळ्यांच्या यकृतात जाऊन बसलं. गावाने ऐकलं, टेलिव्हिजन बंद केला आणि जेवायला बसलं. दुसरं काय करणार?

शहाताने त्या दिवसापासून सुई म्हणून घेतली नाही. दात काढायचा असला तरी बधिर न करता काढायचा. कालव्यावरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करत कमरेपर्यंत पाण्यात उभं राहण्यात त्याचा जन्म गेला. बायको आधीच वारलेली, मुलगा कुवेतला. जेवायखायला बहिणीच्या अंगणात यायचा आणि तिच्या हाताला नावं ठेवत पोटभर जेवायचा.

या हिवाळ्यात तो पांढरा पडत चालला. रतीबाने आपल्या आईचाच उपाय केला. रोज सकाळी काळी काकवी, त्यात तिळाचं वाटण, आणि गरम भाकरी. काकवीने रक्त वाढतं, हे त्या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. पुढे त्याला शौचाला काळं होऊ लागलं, डांबरासारखं. त्याने बहिणीला ते हसत हसतच सांगितलं, "तुझी काकवी आत जाते तश्शीच बाहेर येते बघ." तीही हसली होती. शेजारणीही म्हणाल्या, काकवीच ती, अंगी लागतेय. मग एका सकाळी, पहिला घास मोडायच्या आत, शहाताने अंगणातल्या परातीत भडभडून रक्त ओकलं, आणि परात पुरली नाही. तेव्हा रतीबाला कळलं, की आठवडाभर जे काळं जात होतं ते त्याच्या पोटात वाहिलेलं रक्त होतं. तिचा मुलगा वग्दी याने शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून त्याला शहरात आणलं तेव्हा तो शुद्धीत नव्हता.

इस्पितळात रक्त चढवलं, औषधाने रक्तस्राव थोपवला, तोंडातून दुर्बिणीची नळी घालून पोट बघितलं. मग डॉक्टर नशवा खाटेपाशी आली. वयाने लहान, डोळ्यांखाली काळं, बोलणं मात्र स्वच्छ.

"हाज्जा, तुम्ही बहीण ना यांच्या?"

"हाज्जा नाही गं मुली, अजून हजची यात्रा घडली नाही," रतीबा हळूच म्हणाली. सगळ्याच म्हाताऱ्या बायकांना तिथे हाज्जा म्हणत, पण जे घडलं नाही त्याचा मान घेणं तिच्या जिवावर यायचं. "पण बहीणच मी."

"यकृत घट्ट झालंय, त्यातून रक्ताला वाट मिळत नाही. मग ते आडवाटेने जातं आणि शिरा फुगतात. यांच्या जठराच्या वरच्या कोपऱ्यात तसा एक घोस झालाय, द्राक्षांसारखा. त्यातली एक शीर फुटली होती. आत्ता तिच्यावर गुठळी बसलीय म्हणून थांबलीय. कधीही सुटेल."

शहाता उशीवरून बोलला. आवाज बारीक, पण नेहमीसारखाच हुज्जतखोर. "डॉक्टर, मी इंजिनवाला माणूस आहे. पाइप फुटला की मी रबर आवळतो. तुम्हीही तेच करता म्हणे, रबराच्या कड्या लावता. मग लावा की! नाही कोण म्हणतंय?"

"कडी अन्ननलिकेत बसते, बाबा. पाइपात. तुमची शीर टाकीत आहे. तिथे ती एवढी रुंद असते की कडी नीट धरत नाही, आणि सुटली तर पहिल्यापेक्षा मोठं भोक. तिथे डिंक भरावा लागतो. शिरेच्या आतच. रक्ताला लागला की तिथल्या तिथे दगड होतो."

"बाहेरून लावता येत नाही?"

"नाही."

"मग आत भरता कसा?"

डॉक्टरने बोलायच्या आत सलाईन बदलणारी नर्स मोठ्या उत्साहाने म्हणाली, "नळीच्या टोकाला बारीक सुई असते, काका! एकच सुई. कळणारसुद्धा नाही तुम्हाला!"

शहाताने डोळे मिटले. मग उघडले. "रतीबा, माझे कपडे दे."

"अरे..."

"कपडे दे म्हणतो ना! ही हातातली सुई यांनी मी मेल्यासारखा पडलो होतो तेव्हा खुपसली, म्हणून राहिलीय. आता मी जागा आहे."

डॉक्टरने समजावलं. वग्दीने समजावलं, मग आवाज चढवला, मग बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला. शहाता एकच म्हणत राहिला, "एका सुईने मला इथे आणलं. दुसरीने कुठे नेतील?"

त्या दालनात एका वयाचे पुरुष होते सगळे. एकाच रांगेत वाढलेले म्हणा ना. कुणी शाळेच्या पडवीत टोचून घेतलेलं, कुणी मशिदीच्या भिंतीला उभं राहून. हाजी बस्यूनी त्यातला सगळ्यात बडबड्या. त्याने संत्र्याची फोड पुढे केली.

"घे रे शहाता, तोंड गोड कर. माझ्या पोटात दोनदा भरलाय डिंक. बायको म्हणते, आता तुम्हाला पाडलं तरी फुटणार नाही, जोडून जोडून पक्के झालात."

"तुम्हाला चालत असेल."

"मला कोण विचारतंय चालतं का! अरे, एका आईचं दूध प्यायलेले दूधभाऊ होतात ना? तसे आपण सुईभाऊ. नातं आहे ते. तोडून तुटत नाही." मग रतीबाकडे बघून, डोळे बारीक करून, "पंचाईत एवढीच, की सुईभावाच्या बहिणीशी निकाह लागत नाही. नाहीतर मी आजच विचारलं असतं, हाज्जा."

"अल्ला तुम्हाला अक्कल देवो," रतीबा म्हणाली आणि डोक्यावरचं वस्त्र पुढे ओढलं. पण तिला हसू आलं, आणि शहातालाही. हसता हसता तो खोकला, आणि तिने चटकन त्याच्या छातीवर हात ठेवला. खोकल्याने गुठळी हलली तर?

दुपारच्या नमाजाची वेळ झाली. दालन जरा शांत झाल्यावर ती त्याच्या अगदी जवळ बसली.

"शहाता, ऐक माझं. लहानपणी मी तुझा हात धरला. आईने सांगितलं म्हणून धरला. मला तरी काय कळत होतं?"

"मी कधी दोष दिलाय तुला?"

"तोंडाने नाही दिलास."

"मग?" तो छताकडे बघत होता. "तू धरलास ते आठवत नाही मला. मी ओरडून तुलाही टोचायला लावलं, ते आठवतं."

हे त्याच्या लक्षात असेल, असं रतीबाला कधी वाटलं नव्हतं.

"तू रक्त दाखवलंस कधी?" त्याने विचारलं.

"मी बरी आहे. अल्लाचे उपकार."

"मीही बराच होतो मागच्या महिन्यापर्यंत. तुझी काकवी खात होतो. दाखवलंस का, ते सांग."

"या वयात काय दाखवायचं? त्याने लिहिलंय ते..."

"त्याच्यावर ढकलू नकोस, बये. वग्दी सांगत होता, दोनदा गाडी दारात आणली आणि दोन्ही वेळा तुझं डोकं दुखायला लागलं." तो तिच्याकडे वळला. "हे बघ. मी घेतो यांची सुई. पण तू वचन दे. मी बरा होवो की मरो, तू जाऊन तुझं रक्त तपासायला देशील. शब्द दे, की आत्ता बोलाव त्या पोरीला, मी आ करतो."

एवढंच होतं. हो म्हणायचं, की भावाच्या पोटातली शीर बंद झाली असती.

पण रतीबाच्या तोंडून हो निघेना. नवरा गेल्यापासून ती सोमवार आणि गुरुवार रोजे धरत होती, रमजानचे वेगळे. कापणीचे दिवस असोत, अंगात ताप असो, तिने एक सोडला नव्हता. घरात तिची म्हणावी अशी दुसरी गोष्टच नव्हती. स्वयंपाकघर सुनेकडे गेलं होतं, म्हशी वग्दीकडे. हे दोन दिवस मात्र तिचे आणि अल्लाचे. आजार निघाला की डॉक्टर पहिलं काय म्हणतील, तर रोजे बंद. आळीतल्या एकीला असंच सांगितलं होतं. शिवाय त्या बाईच्या सुनेने तिचा पेला वेगळा ठेवला, तोही रतीबाने पाहिला होता. आणि औषध म्हणजे काय? पुन्हा सुयाच, आठवड्याच्या आठवड्याला, वर्षभर.

तिने मणी पुढे ढकलला. "इन्शाअल्ला," ती म्हणाली.

शहाता तिच्याकडे बघतच राहिला. त्या मुलखात इन्शाअल्ला दोन तऱ्हेचं असतं. एक मनापासूनचं. आणि दुसरं, शिंपी म्हणतो ना, कपडे उद्या देतो, इन्शाअल्ला, किंवा कुवेतचा मुलगा म्हणतो, ईदला येतो, इन्शाअल्ला, तसलं. कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नसलं की ते म्हणतात. ऐकणाराही समजतो, आणि दोघांचीही अब्रू राहते.

"मुलखाच्या लोकांशी वाग असं," शहाता म्हणाला. "मला देतेस होय हे?" आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर नशवा फेरीला आली.

"काय बाबा, आज करायचं?"

शहाताने बहिणीकडे पाहिलं. रतीबाने माळेकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"मी रोज विचारीन, पण शीर माझ्यासाठी थांबणार नाही," डॉक्टर म्हणाली. दमलेली होती बिचारी. रतीबाला वाटलं, हिला सांगावं सगळं. पण काय सांगणार? की भाऊ सुईला नाही म्हणत नाही, माझ्यावर अडून बसलाय?

दुपारी हाजी बस्यूनीला घरी सोडलं. मुलगा गाठोडं घेऊन पुढे गेला, तसा तो रतीबापाशी थांबला. आता चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"हाज्जा, मधे पडू नये, पण आपल्या खाटा चिकटून आहेत, ऐकू आलं. तो सुईला भीत नाही. त्याला या वेळी एकट्याने घ्यायची नाही."

रात्री रतीबा बायकांच्या नमाजाच्या कोपऱ्यात गेली. चटई पसरली, उभी राहिली, वाकली, कपाळ टेकलं. भावाला बरं कर म्हणून मागायला हात वर केले आणि तिथेच अडकली. काल आपण ज्याचं नाव घेतलं ते कशासाठी घेतलं? नाही म्हणायला. खोटं झाकायला. ज्याच्यासाठी दोन दिवस उपाशी राहतो, असं सगळ्या आळीला वाटतं आणि आपल्यालाही वाटतं, त्याचंच नाव पदरासारखं तोंडावर ओढून घेतलं, आणि आता त्याच्याचकडे हात पसरतेय. ते रोजे तरी त्याच्यासाठी होते की आपल्यासाठी? तिने हात खाली घेतले. मागण्यासारखं तोंडच राहिलं नव्हतं.

पुरुषांच्या दालनात रात्री बायकांना जाऊ देत नव्हते. पहाटेची नमाज होऊन दार उघडलं, तशी ती आत शिरली, ती वहाणा हातात घेऊनच.

शहाता जागा होता. चेहरा चुन्यासारखा.

"शहाता, वल्लाह, मी जाईन," ती म्हणाली. "अल्लाची शपथ, आईच्या कबरीची शपथ. रक्त देईन, जे निघेल ते ऐकेन, जे सांगतील ते करीन. रोजे सोड म्हणाले तर सोडीन."

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, बाजारात नाणं खरं की खोटं बघतात तसं. मग ओठांचा एक कोपरा वर गेला. "किती भाव खाल्लास गं, म्हातारे! बोलाव त्या पोरीला."

नर्स धावली. कागदावर अंगठा झाला, खाट ढकलायची गाडी आली. त्याला उचलून गाडीवर ठेवता ठेवताच त्याचे डोळे फिरले आणि तोंडातून रक्ताचा लोट आला. लाल भडक, गरम. रतीबाच्या वस्त्रावर, नर्सच्या पांढऱ्या बुटांवर, फरशीवर.

मग पळापळ झाली. गाडीबरोबर रतीबाही दुर्बिणीच्या खोलीत पोहोचली. तिला बाहेर काढायला कुणाला सवड नव्हती. त्याला डाव्या कुशीवर वळवलं, दातांत कडं बसवलं, नळी आत गेली. पडद्यावर नुसतं लाल. डॉक्टर पाणी मारत होती, रक्त ओढून घेत होती, पुन्हा लाल.

"दिसत नाही, दिसत नाही... थांबा. ती बघा!"

लाल गुहेच्या छताला निळसर घोस लटकत होता, आणि त्यातून रक्ताची चिळकांडी उडत होती. नळीच्या तोंडातून बारीक सुई सापाच्या जिभेसारखी बाहेर आली आणि घोसात शिरली.

"डिंक! आत्ता, आत्ता... आता पाणी! सुई मागे!"

नर्सने एकामागून एक पिचकाऱ्या रिकाम्या केल्या. चिळकांडी लहान झाली, पाझर झाला, मग काही नाही. घोस तिथेच होता, पण दगडासारखा निश्चल. खोलीत कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. रतीबाने भावाचा हात धरायला हात पुढे केला होता. पण त्याने दोन्ही हात छातीखाली दाबून घेतले होते, आणि ती ते ओढून काढू शकली नाही.

शीर बंद झाली. दुसऱ्या दिवशी शहाताने दोन घोट सरबत घेतलं, आणि सरबत पांचट आहे म्हणाला. रतीबाने तिथल्या तिथे शुक्राची, आभाराची, नमाज अदा केली. तिसऱ्या दिवशी मात्र तो बोलता बोलता थांबू लागला. हात पुढे करायला सांगितले तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडत. तो रतीबाला आई म्हणू लागला, इंजिन बंद कर म्हणू लागला, मग बोलेनासा झाला. शुक्रवारी, अजान होत असताना, तो गेला.

डॉक्टर नशवा व्हरांड्यात आली, भिंतीला टेकून उभी राहिली. "शीर पुन्हा एक थेंब गळली नाही, हाज्जा. ते काम पक्कं झालं होतं."

"मग?"

"यकृत आधीच थकलेलं. शेवटी जे एवढं रक्त गेलं, ते त्याला पेललं नाही."

"ते जायच्या आधी झालं असतं तर? पहिल्या दिवशी, तू विचारलंस तेव्हाच?"

डॉक्टरने रतीबाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताच्या वजनावरूनच रतीबाला उत्तर मिळालं. तिला वाटलं, हिने खोटं बोलायला हवं होतं. आणि लगेच वाटलं, बरं झालं नाही बोलली. खोट्याला आता जागा उरली नव्हती.

गावात शोक झाला. पुरुष बाहेर मांडवात, बायका आत, बिनसाखरेची कॉफी आणि कुराणाचं पठण. कुवेतचा मुलगा फोनवर रडला. आणि पहिल्याच दिवशी रतीबाच्या कानावर जे आलं, ते पुढे सगळ्या कालव्याकाठाने गेलं.

"सुईने गेला म्हणे. सरबत प्यायला बसला होता चांगला, आणि पोटात सुई मारली."

"लहानपणी जी अर्धवट राहिली ती पुरी केली त्यांनी."

"आमच्यांना परवाच बोलावलंय नळी घालायला. मी म्हटलं, घरीच मरा, निदान तोंड तरी दिसेल."

रतीबा कोपऱ्यात बसली होती. ती कधी चारचौघींत आवाज चढवून बोलली नव्हती, आताही तिने चढवला नाही. "सुईने नाही गेला," ती म्हणाली. "उशिरा घेतली म्हणून गेला."

"अगं, उशिरा का होईना, घेतलीच ना!" एक म्हातारी म्हणाली. "नसती घेतली तर?"

"आणि उशीर तरी कशाने झाला? तोच ऐकत नव्हता, असं वग्दी सांगतो," दुसरी म्हणाली.

रतीबाने तोंड उघडलं. "माझ्याने झाला," ती म्हणाली.

पण ते कुणी धरलं नाही. बहिणी असंच म्हणतात, शोकात म्हणतात. कुणीतरी तिची पाठ थोपटली, कुणीतरी म्हणालं, बहिणीची माया बघा, आणि कॉफीची दुसरी फेरी आली. खरं बोललं तरी ते दुःख म्हणून मोजलं जातं, खरं म्हणून नाही, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि कॉफीपेक्षा कडू लागलं.

मांडव उतरला. वग्दी रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "आई, आता तुला मी कधी म्हणणार नाही तपासायला चल म्हणून. मामाचं बघितलं तेवढं पुरे झालं. तू तुझे रोजे धर, सुखाने राहा."

सून समाह हिनेही मान हलवली. "खरंच आत्याबाई. कशाला ती ब्याद?"

त्यांनी तिला मोकळं केलं होतं. ज्याला वचन दिलं होतं तो मातीत होता. त्याने वचन मागितलं ते ऐकणारा हाजी बस्यूनी घरी गेलेला. सगळ्या गावात आता तिला कुणी विचारणार नव्हतं.

सोमवारी तिने पहाटेच्या आधी उठून पाणी प्यायलं, खजूर खाल्ला, मनाशी रोज्याची नियत केली. नमाज झाली. मग धुतलेलं काळं वस्त्र घेतलं, ज्यावरचा डाग धुऊनही पुरता गेला नव्हता. समाह चुलीपाशी होती.

"इतक्या सकाळी कुठे, आत्याबाई?"

"शहरात."

"एकट्या? त्यांना उठवते, सोडतील."

"झोपू दे त्याला."

समाह काही क्षण तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, आणि हातातला पेला तिने नकळत आपल्याकडे ओढून घेतला. रतीबाने ते पाहिलं. वहाणा पायात सरकवल्या, दार हलकेच लोटलं आणि कालव्याच्या बांधावरून सडकेकडे चालू लागली. पहिली गाडी अजून यायची होती.